थैली कापडाची, की पन्नी?

प्रश्न : आठवडी बाजारातली पन्नी (प्लास्टिकची पातळ पिशवी) बंद व्हावी म्हणून आमचा बचत गट दोनशे कापडी थैल्या शिवून वाटणार आहे. नागपूरला शिकणारा मुलगा म्हणतो, "आई, कापडी थैलीनं उलट जास्त नुकसान होते." खरं काय?
– एक वाचक भगिनी, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : ताई, मुलगा खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं २०११ साली थैल्यांचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशेब मांडला. तापमानवाढीपुरतं पाहिलं तर कापसाची थैली १३१ वेळा वापरावी, तेव्हा ती एकदा वापरून फेकलेल्या पातळ पन्नीच्या बरोबरीला येते. आठवड्याला एक बाजार धरला तर अडीच वर्षं!

हा भार कुठून येतो, ते आपल्याला कुणी सांगायला नको. मी कापसाच्या पऱ्हाटीतच वाढले. टोबणी झाली की खत, डवरणी, निंदण, मग बोंडअळीची फवारणी. वेचल्यावर जिनिंग, सूतगिरणी, माग, रंग. युरिया तयार करायलाच गॅस लागतो आणि शेतात पडल्यावर त्यातून नायट्रस ऑक्साइड हा तापमान वाढवणारा वायू सुटतो. पन्नीचं वजन मात्र जेमतेम काही ग्रॅम.

पण फेकलेली पन्नी गावात काय करते, ते त्या १३१ मध्ये नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारची गाभण गाय फुगून मेली. डॉक्टरांनी पोट उघडलं, तर घमेलंभर पन्न्यांचा गोळा. त्यातली मिठाची पन्नी तर ओळखू येत होती. माझ्या डोळ्यांपुढून तो गोळा अजून जात नाही.

म्हणून पन्नी बंद कराच. राज्यात २०१८ पासून तशी बंदीही आहे. फक्त थैल्यांसाठी नवं कापड घेऊ नका. घरोघरी जुनं लुगडं, धोतर, पॅन्ट पडून असते. त्यांचा कापूस केव्हाच पिकून गेला आहे. माझ्या आईची थैली बाबांच्या धोतराची. तळ दुहेरी, वांग्याच्या काट्यानं फाटलं तिथं ठिगळ. अकरा वर्षं झाली, अजून बाजाराला जाते. हातात धरायचे बंद मात्र तळापर्यंत शिवा, थैली आधी तिथंच उसवते.

आणि सरसकट दोनशे वाटू नका. ज्या घरी एक आहे तिथं दुसरी दिली, की दोन्ही खुंटीला लटकतात. बाजाराच्या तोंडाशी गटाची एक बाई पंचवीस-तीस थैल्या घेऊन बसवा. विसरून आलेल्याला उसनी द्यायची, नाव लिहून ठेवायचं, पुढच्या बाजारी परत मागायची.