वाचकांचे प्रश्न : गन नवीन, तरी रंग मागच्या बाजूला का बसत नाही?

प्रश्न : नमस्कार सर, भोसरीला आमचं रेलिंग आणि स्टील फर्निचर रंगवायचं छोटं जॉबवर्क आहे. साध्या एअर गनने निम्म्याहून जास्त रंग हवेतच जायचा म्हणून कर्ज काढून 85 केव्हीची (म्हणजे किलोव्होल्ट, हजार व्होल्ट) इलेक्ट्रोस्टॅटिक गन घेतली. सुरुवातीला पाईपच्या मागच्या बाजूलाही रंग मस्त बसायचा, आता बसत नाही, आतले कोपरे कोरडे राहतात आणि पेंटर म्हणतो जॉबला (रंगवायच्या वस्तूला) हात लावला की झटका बसतो. केव्ही वाढवू का गन बदलू?

उत्तर : दोन्ही नको, आधी जॉब ज्यावर लटकवता तो हूक बघा. जॉबला हात लावल्यावर झटका बसतो म्हणजे जॉबवर चार्ज साठतोय, जमिनीत जात नाहीये. ही गन रंगाच्या थेंबांना चार्ज देते आणि अर्थ केलेला जॉब त्यांना ओढून घेतो, म्हणून तर रंग वळून मागे जातो. पण जॉबच चार्ज झाला की तो पुढच्या थेंबांना ढकलायला लागतो, मग तुम्ही 85 च्या जागी 100 केव्ही लावा, काही उपयोग नाही.

आणि हे सुरुवातीला नव्हतं, नंतर झालं, यावरूनच माझा संशय हूकवर आहे. प्रत्येक जॉबबरोबर हूकवरही रंग बसतो, ओव्हनमधून भाजून निघतो, त्यावर पुन्हा थर, असं होत होत लोखंडाला लोखंड टेकतच नाही, मधे रंगाचा थर आणि रंग म्हणजे इन्सुलेशन. एक हूक काढून जिथे जॉब लटकतो ती जागा खरवडून बघा. गोल वाकवलेल्या हूकपेक्षा धार असलेला हूक बरा, तो थर कापून धातूला भिडतो. मग मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजायचं मीटर) 500 व्होल्टला लावून जॉब ते अर्थ रेझिस्टन्स मोजा, 1 मेगओहमच्या आत यायलाच पाहिजे. नुसतं अर्थिंगची वायर जोडलेली दिसते म्हणून समाधान मानू नका.

पेंटरचे पायही बघा प्लीज. रबरी स्लिपर, खाली पसरलेला पुठ्ठा किंवा प्लॅस्टिक, हातात जाड ग्लोव्हज, म्हणजे माणूस जमिनीपासून तुटला आणि तोच चार्ज होतो. कंडक्टिव्ह बूट द्या, ग्लोव्हज घालायचेच असतील तर तळव्याकडून कापा म्हणजे हँडलला उघडा हात लागेल. करंट मायक्रोअँपिअरमध्ये असतो म्हणून झटक्याने माणूस मरत नाही असं सगळे सांगतात पण भीती ठिणगीची आहे. थिनरमध्ये बहुधा असणाऱ्या टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) जेमतेम 4 अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याकडे बारा महिने पेटेल अशी वाफ तयारच. थिनरचा डबा, रंगाची टाकी, बूथचं स्टँड, गनच्या आसपास 3 मीटरमध्ये धातूचं जे काही आहे ते अर्थ करा, आणि गन थिनरने धुताना केव्ही बंद, इथे माझ्याकडून सूट नाही. हे होईपर्यंत काम थांबवा, ऑर्डर चार दिवस उशिरा गेली तरी चालेल.

आता कोपरे. अर्थिंग सुधारलं तरी ते थोडे कोरडे राहतीलच, त्याला फॅरडे केज इफेक्ट म्हणतात. थेंब जवळच्या कडेवरच ओढले जातात, आतल्या कोनात विजेचं ओढणारं क्षेत्र (फील्ड) पोचतच नाही, आणि केव्ही वाढवले की कडेला जाड थर आणि आत अजूनच कोरडं. म्हणून कोपरे आधी मारा, केव्ही कमी करून किंवा बंद ठेवून, हवेचा जोर थोडा उतरवून, मग फुल केव्हीवर बाकीचा जॉब.

एवढं करूनही रंग वळला नाही तर रंगाचा रेझिस्टन्स मोजून घ्या. फारच जास्त असेल तर थेंब चार्ज घेत नाहीत, तिथे सप्लायरला विचारून थिनरमध्ये अल्कोहोल किंवा कीटोन वाढवता येतं.

प्रश्न : ह्याच गनमध्ये वॉटर बेस रंग चालेल का?

उत्तर : थेट नाही चालणार ताई. पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे चार्ज नळीतून उलटा टाकीकडे जाऊन जमिनीत उतरतो. त्यासाठी एकतर बाहेरून चार्ज देणारी गन लागते, नाहीतर रंगाची टाकी आणि नळी जमिनीपासून पूर्ण तोडून पिंजऱ्यात ठेवावी लागते आणि पिंजऱ्याचं दार उघडलं की केव्ही आपोआप बंद होऊन साठलेला चार्ज अर्थ व्हायला पाहिजे. हा इंटरलॉक नसलेला सेटअप कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.