अंडी फिरवू नका

प्रश्न : आमच्या लेपर्ड गेकोनं (ही ठिपकेदार पाळीव पाल) चार दिवसांपूर्वी दोन अंडी घातली. मी ती डब्यात ओल्या कापसावर ठेवली आणि कोंबडी फिरवते तशी रोज फिरवली. एक अंडं टपोरं, पांढरं आहे. दुसऱ्याला खळगा पडलाय. मला दोन्ही पिल्लं मादी हवी आहेत. काही आशा आहे का?

उत्तर : आशा आहे, पण फिरवणं आत्ता, या घडीला थांबवा. कोंबडीच्या अंड्यात बलकाला दोन्ही टोकांनी धरणारे पीळदार धागे असतात, म्हणून ते फिरवलेलं चालतं. गेकोच्या अंड्यात ते नसतात. घातल्यापासून साधारण एका दिवसात गर्भ कवचाला आतून वरच्या बाजूला चिकटतो. नंतर अंडं उलटलं तर तो बलकाखाली दबून मरू शकतो. फिरवलेलं प्रत्येक अंडं दगावतंच असं नाही. आता आहेत तशीच राहू द्या आणि वरच्या बाजूला पेन्सिलीनं बारीकशी खूण करा.

आठवड्याभरानं अंधारात, अंडं न उचलता, बाजूला छोटा टॉर्च धरा. गुलाबी झाक आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या की गर्भ जिवंत. नुसतं पिवळं दिसलं तरी लगेच टाकू नका, आणखी आठवडाभर थांबा. खळगा बहुधा कोरडेपणाचा असतो. हे कवच कातड्यासारखं मऊ असतं आणि बाहेरचं पाणी शोषून अंडं फुगतं.

पण म्हणून अंड्यावर पाणी फवारू नका. कापूसही काढा, तो कुठे चिंब तर कुठे कोरडा राहतो. शंभर ग्रॅम वर्मिक्युलाइटला (पाणी धरून ठेवणारं हलकं, दाणेदार खनिज) ऐंशी ते शंभर ग्रॅम पाणी घाला. मुठीत दाबल्यावर थेंब गळता कामा नये. त्यात बोटानं खळगी करून, खूण वरच राहील असं न फिरवता, अंडं अर्धं बसवा आणि झाकणाला दोन बारीक भोकं पाडा. मी भरलेल्या डब्याचं वजन झाकणावरच लिहून ठेवते. दर आठवड्याला जेवढं घटेल तेवढं पाणी कडेनं सोडायचं, अंदाजाचा प्रश्नच उरत नाही.

मादीचं म्हणाल, तर या जातीत लिंग सुरुवातीच्या आठवड्यांतल्या तापमानावर ठरतं. २६ ते २८ अंशांना बहुतेक माद्या होतात, ३२च्या आसपास नर जास्त. ३४च्या पुढे पुन्हा माद्याच, पण तिथे गर्भ दगावण्याचा धोका मोठा, त्या वाटेला जाऊ नका. अंडी उबवायचं यंत्र नसलं तरी चालेल. तापमान स्थिर राखणारा थर्मोस्टॅट मात्र हवाच, आणि त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, अंड्यांच्या शेजारी ठेवा. २७ अंशांना साधारण दोन महिने लागतात.

शेवटच्या दिवसांत अंड्यावर घाम आल्यासारखे थेंब दिसतात, ते थोडं आक्रसतंही. तेव्हा घाबरू नका. पिल्लू नाकपुडीजवळच्या दोन इवल्या दातांनी कवच चिरतं, नाक बाहेर काढतं आणि तासन् तास तसंच पडून राहतं. माझ्या पहिल्या पिल्लाच्या वेळी मला तेवढंही पाहवलं नाही. बारीक कात्रीनं मी कवच उघडलं. आत पोटाला वाटाण्याएवढा बलक अजून लोंबत होता. पिल्लू संध्याकाळपर्यंत गेलं. ते पडून असतं तेव्हा उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं, हे मला नंतर कळलं. तुम्ही हात लावू नका.

बाहेर आल्यावर त्याला ओलसर टिश्यू पेपरवर एकटं ठेवा. पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे एक-दोन दिवस, कधी थोडं जास्त, ते खात नाही; टाकलेली कात मात्र खातं. मग अगदी लहान रातकिडे द्या, त्याच्या दोन डोळ्यांतल्या अंतरापेक्षा मोठे नकोत.

आणि आईला विसरू नका. एकदाच्या मीलनावर ती काही आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा अंडी घालू शकते, आणि प्रत्येक वेळी तिच्या अंगातलं कॅल्शियम खर्च होतं. खाण्याला कॅल्शियमची पूड लावा आणि पुढची अंडी घालायला ओल्या मॉसचा (शेवाळाचा) डबा तिच्या टाकीत आजच ठेवा.