वाचकांचे प्रश्न : रियू, स्कॉर्पियन आणि आपलं कपाट

गेल्या अंकात आपण फायटिंग गेममधल्या कॅरेक्टरच्या फिगर आणि स्टॅच्यूबद्दल प्रश्न मागवले होते. भरपूर आले, सगळे घेणं शक्य नाही, पण ज्यांचं उत्तर बऱ्याच जणांच्या कामी येईल असे घेतलेत.

पहिल्यांदाच घेतोय. बजेट चार-पाच हजार. फिगर घेऊ की स्टॅच्यू? कुठल्या कंपनीची?
*– एक वाचक, नाशिक*

फिगर घ्या, तिचे सांधे हलवून पोझ बदलता येते. स्टॅच्यू म्हणजे एकच पोझ कायमची, आणि मोठे स्टॅच्यू बहुतेक पॉलिस्टोनचे, म्हणजे रेझिनमध्ये दगडाची पावडर मिसळलेले. १/४ स्केलचा म्हणजे साधारण दीड फूट उंच आणि चांगलाच जड, हातातून सटकला की बोट नाहीतर नाक गेलंच, शिवाय त्याचा बॉक्स पलंगाखालीही मावत नाही. पहिलीच खरेदी असेल तर हे नको.

आता कंपनीच्या आधी एक गोष्ट सांगतो, कारण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. फायटिंग गेममध्ये आपण एकही बटण दाबलं नाही तरी कॅरेक्टर नुसता उभा नसतो, तो त्याच्या पवित्र्यात असतो. स्ट्रीट फायटर गेममधल्या रियूचे गुडघे वाकलेले, पाय फाकलेले, मुठी छातीसमोर, अंग हलकं डोलतंय. चुन-लीचं वेगळं, झांगीफचं तर अगदीच वेगळं, नुसती काळी सावली दाखवली तरी आपण नाव सांगू. फिगरने हे पकडलं पाहिजे, बाकी सगळं नंतर. म्हणून ऑनलाइन फोटो बघताना आगीचे गोळे आणि बदलून लावायचे चार एक्स्ट्रा हात बघून हुरळून जाऊ नका, घोटा बघा. घोटा नुसता पुढे-मागे हलतो की आतल्या-बाहेरच्या बाजूलाही कलतो? कलत नसेल तर पाय फाकवले की तळवा जमिनीवर सपाट बसत नाही आणि रियू पावलाच्या कडेवर उभा राहतो, मग त्यात काही मजा नाही. दुसरं म्हणजे कोपर पूर्ण मिटतंय का, मूठ हनुवटीपर्यंत येतेय का ते बघा.

तुमच्या बजेटच्या आसपास जाडा टॉइज कंपनीची स्ट्रीट फायटर सिरीज बसेल, २०२३ मध्ये रियू, चुन-ली आणि फेई लाँगपासून सुरू झाली, सहा इंची, अमेरिकेत साधारण २५ डॉलरला निघाली, इथे येईपर्यंत किंमत चढते ते धरून चाला. स्टॉर्म कलेक्टिबल्सच्या १/१२ स्केलच्या फिगर अजून देखण्या, चेहरे-हात भरपूर येतात, पण त्या बऱ्याच महाग आहेत, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बघा. आणि जुन्याची हौस असेल तर हॅस्ब्रोने १९९३ मध्ये स्ट्रीट फायटर २ ची माणसं जी. आय. जो या सैनिकांच्या खेळण्यांच्या मालिकेत काढली होती, पावणेचार इंची, त्यातल्या कितीतरींना आधीच्याच साच्यांचे हातपाय लावलेले. दिसायला त्या आजच्या फिगरच्या जवळपासही नाहीत पण त्या काळाचा ऐवज म्हणून मला फार प्रिय आहेत.

जपानच्या दुकानातून व्हेगा मागवला. मला मास्क आणि पंजावाला हवा होता, आला लाल युनिफॉर्मचा टोपीवाला. दुकानदार म्हणतो बरोबरच पाठवलाय.
*– एक वाचक, ठाणे*

दुकानदार खरं बोलतोय. जपानमध्ये स्ट्रीट फायटरमधल्या टोपीवाल्या हुकूमशहाचंच नाव व्हेगा आहे, पंजावाला स्पॅनिश म्हणजे बालरॉग आणि बॉक्सर म्हणजे एम. बायसन. हा बॉक्सर माइक टायसनवरून घेतलेला दिसत होता, अमेरिकेत कोर्टाचं लचांड मागे लागेल म्हणून गेमची कंपनी कॅपकॉमने तिघांची नावं आपसात फिरवली आणि आपण सगळे ती फिरवलेली नावंच शिकलो. त्यामुळे जपानी दुकानातून घेताना नावावर जाऊ नका, फोटो बघा आणि गरज पडली तर मेसेज करून विचारा. त्याच गेममधल्या अकुमाचंही तसंच, तिकडे तो गोकी, त्या नावाने शोधलंत तर जास्त फिगर सापडतील.

आमच्याकडे पावसाळ्यात फिगर चिकट होतात. बॉक्समध्ये बंद ठेवल्या तरी. खराब झाल्या का?
*– एक वाचक, रत्नागिरी*

नाही झाल्या, घाबरू नका. बहुतेक फिगर पीव्हीसीच्या असतात आणि पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात, ते वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं, आणि बंद बॉक्समध्ये गरमीत ते उडून जायला जागाच नसते म्हणून थर साचतो. म्हणजे "जपून" बंद ठेवल्यानेच उलट जास्त चिकटपणा येतो. कोमट पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, मऊ टूथब्रश, हलक्या हाताने धुवा आणि पंख्याखाली नीट वाळवा, सांध्यांमध्ये पाणी राहू देऊ नका कारण काहींत आत लोखंडी पिन असते, ती गंजते. थिनर, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नाही, चेहऱ्याचा रंगच निघून येईल. टाल्कम पावडर लावा असंही काही जण सांगतात, मला ते पटत नाही, ती खाचांमध्ये बसते आणि मग निघत नाही. कोकणात बॉक्सच्या पुठ्ठ्याला बुरशी लागते तो खरा मोठा प्रॉब्लेम, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या मधूनमधून बदला, एकदा ठेवल्या की जन्मभर चालतात असं नसतं.

चुन-लीचा एका पायावरचा पीव्हीसी स्टॅच्यू एप्रिल-मे मध्ये कलला. आता काय?
*– एक वाचक, चंद्रपूर*

तुमच्याकडचा उन्हाळा आणि पीव्हीसी यांचं जमणं कठीण आहे. सगळं वजन एका घोट्यावर, त्यात खिडकीतलं ऊन, म्हणजे तो वाकणारच. बेसवरून निघत असेल तर काढा, वाकलेला भाग गरम पाण्यात थोडा वेळ धरा (उकळत्या नाही), मऊ झाला की हाताने सरळ करा आणि तसाच धरून थंड पाण्यात बुडवा, आकार बसतो. नंतर मांडीखाली पारदर्शक अॅक्रिलिकचा टेकू द्या आणि कपाट उन्हापासून लांब न्या, उन्हाने रंगही उडतो आणि पांढरे भाग पिवळे पडतात. घट्ट अडकलेला जॉइंट सोडवायलाही हेच गरम पाणी, जोर लावून पिळायचं नाही, पिन तुटते.

स्कॉर्पियन, सब-झिरो, रेप्टाइल तिघांचं शरीर सारखंच. कंपनी पैसे वाचवतेय ना?
*– एक वाचक, पुणे*

पैसे वाचतात हे खरं, पण इथे ते गेमशी इमान राखून आहे. १९९२ च्या मॉर्टल कॉम्बॅटमध्ये तिन्ही निंजा एकाच नटाला एकाच पोशाखात शूट करून नुसता रंग बदलून केलेले होते. तिघांना शेजारी शेजारी उभं करा, पिवळा, निळा, हिरवा, कपाटाचा तो कप्पा काय खुलतो बघा.

अर्ध्या किमतीत कोटोबुकिया कंपनीची स्ट्रीट फायटरमधली कॅमी मिळतेय. घेऊ का?
*– एक वाचक, कोल्हापूर*

नका घेऊ, नव्वद टक्के नकली असणार. बेसवर किंवा बॉक्सवर कॅपकॉम आणि कंपनीचं नाव आहे का, डोळ्यांची छपाई रेखीव आहे का, उघडल्यावर उग्र वास येतो का, तळवे बेसच्या खुंट्यांवर नीट बसतात का, एवढं बघा. विकणारा खऱ्या वस्तूचा फोटो न देता कंपनीचाच फोटो पाठवत राहिला तर तिथेच थांबा.

भाऊ अमेरिकेत आहे. त्याने पार्सल पाठवावं की येताना आणावं?
*– एक वाचक, सांगली*

येताना आणू दे. खेळण्यांवरची कस्टम्स ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०, शिवाय २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नियम लागू आहे त्यामुळे पार्सल अडकण्याची भीती वेगळीच. सामानातून आणतानाही ड्युटी-फ्रीची मर्यादा त्या वेळी काय आहे ते बघून घ्या आणि बिल जवळ ठेवा. फिगर हँडबॅगेत, तलवारवाल्या असतील तर चेक-इनमध्ये.

माझा मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे, नोकरी चांगली आहे, पण पगारातून बाहुल्या घेतो. कपाट भरलं. काय समजायचं आम्ही?
*– एक आई, सातारा*

काकू, घरखर्चाला हात लागत नसेल आणि उधारी होत नसेल तर काळजीचं काहीच नाही. उधारी होत असेल तर मात्र त्याला स्पष्ट बोला, प्री-ऑर्डरच्या नादात महिन्याचं गणित बिघडलेली मुलं मी पाहिलीत. एकदा त्याच्यापाशी बसून त्यातली निळ्या ड्रेसची मुलगी कोण ते विचारा. ती चुन-ली, १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये निवडता येणाऱ्या आठ जणांत एकटी बाई, वडिलांच्या खुनाचा छडा लावायला निघालेली पोलीस. त्याच आठांत एक आपल्याकडचा योगीही आहे, धालसिम, हातपाय लांब करून लढतो, त्याची फिगर मुलाकडे असेल तर ते लांब हात लावून दाखवायला सांगा, तो खूश होऊन दाखवेल. आणि साफसफाईला ओलं फडकं नका घेऊ, मेकअपचा मऊ ब्रश घ्या, वरून खाली झाडा, बोटं आणि केसांच्या टोकांपाशी जरा जपून.