बारावी सायन्सची पोरगी म्हणते, बाटल्यांची लेबलं डिझाईन करणार

बेळगावकडच्या खानापूरहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगी सेकंड पीयूसी सायन्सला, मार्क बरे आहेत, पण इंजिनिअरिंग नको म्हणते. वहीच्या मागच्या पानांवर सोडा, ज्यूस, कोकम सरबताच्या बाटल्यांची लेबलं काढत बसते आणि हेच करणार म्हणून हटून बसलीय. आई विचारतात, याचं कॉलेज असतंय का, पोट भरतंय का, आणि शेवटी हळूच लिहिलंय की पोरीला दारूच्या बाटल्यांचं काम करावं लागेल का. वर मामांनी सांगून ठेवलंय की आता एआय आलाय, चित्रं तो दोन मिनिटांत काढतोय.

ताई, मामांपासूनच सुरू करतो. पुढचं चित्र एआय काढतो, खरंय. पण घरात ज्यूसची कुठलीही बाटली असेल ती घ्या आणि मागची बाजू वाचा. घटक उतरत्या क्रमाने, १०० मिलीमागे पोषणमूल्यं, १४ आकडी एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) लायसन्स नंबर, एमआरपी, बॅच, तारखा, किती मिली, तक्रारीचा फोन, हिरवा ठिपका. हे सगळं २०२० चे अन्न लेबलिंगचे नियम आणि २०११ चे पॅकबंद वस्तूंचे वजनमाप नियम यांत बसवलेलं असतंय, अक्षर किती मिलीमीटर उंच हवं तेसुद्धा. लिंबू सरबताला हिरवा ठिपका लागतो, पाण्याच्या बाटलीला लागत नाही. आणि नियम बदलत राहतात. जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने लेबलवरचा '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढायला सांगितलं, ऑक्टोबर २०२५ मध्ये डब्ल्यूएचओच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या ड्रिंकच्या नावात ओआरएस शब्द बंद केला. असं काही निघालं की लेबल नव्याने मांडायला हे सगळं ठाऊक असलेला माणूस लागतोच, आणि चुकलं तर जबाबदारी घ्यायलाही माणूसच लागतोय.

दुसरा अर्धा भाग छपाईचा. बाटलीला अंगभर घट्ट बसणारी प्लास्टिकची स्लीव्ह असते ना, ती सपाट छापतात आणि गरम हवेत आकसवतात, म्हणजे बाटलीच्या मानेकडे जिथं ती जास्त आकसते तिथं गोल लोगो अंड्यासारखा दिसायला लागतो, म्हणून डिझायनरने आधीच उलटा हिशोब करून तो ताणून ठेवायचा असतो. पारदर्शक फिल्मवर रंगाखाली पांढरा थर दिला नाही तर आतल्या कोकमाच्या रंगात सगळं बुडून जातंय. बारकोड लाल रंगात केला की स्कॅनरच्या लाल उजेडाला तो दिसतच नाही, आणि बारीक बाटलीवर तो आडवा गुंडाळला तर वाचला जात नाही, उभा फिरवावा लागतो. फ्रीजमधून काढल्यावर घाम सुटला की साधा कागद सुटून येतो. कॉम्प्युटरवर छान दिसणारी निम्मी डिझाईनं इथंच मरतात.

आता तुमच्या लेकीकडे जे आहे ते बंगळूर-मुंबईच्या पोरांकडे सहसा नसतंय. ती घरात मराठी बोलते, शाळेत कन्नड लिहायला शिकलीय, हिंदी-इंग्रजी आहेच. कायद्याने लेबलवर द्यायची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत लागतेच, नुसत्या मराठीत किंवा नुसत्या कन्नडमध्ये छापून भागत नाही, आणि कर्नाटकात तयार होणाऱ्या मालावर २०२२ च्या कन्नड भाषा कायद्यामुळे कन्नडही हवं. भाषेवरून आपल्याकडे काय काय होतंय ते मी सांगायला नको, पण बेळगावातला माल इकडं हुबळीला जातो, तिकडं कोल्हापूरला आणि खाली गोव्यात, आणि एकाच लेबलवर तीन लिप्या नीट बसवणारा माणूस शोधूनही मिळत नाही. देवनागरीच्या डोक्यावर वेलांट्या, कन्नडच्या पोटाखाली ओत्तक्षरं म्हणजे खाली लटकणारी जोडाक्षरं, दोन ओळी जवळ आल्या की एकमेकींत अडकतात. तिला सांगा, जुने नुडी, श्रीलिपीचे फॉन्ट सोडून दोन्ही लिप्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या पद्धतीत, टाईप करायला आत्ताच शिक, नाहीतर फाईल प्रेसवर उघडली की अक्षरांची खिचडी होते.

कॉलेजचं. लेबल-पॅकेजिंग हाच विषय घेऊन बारावीनंतर डिग्री फारशी मिळत नाही, ग्राफिक किंवा कम्युनिकेशन डिझाईनमधून तिकडं जायचं. एनआयडी या राष्ट्रीय डिझाईन संस्थेची प्रवेश परीक्षा डॅट, आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईन विभागासारख्या ठिकाणी बी.डेस या डिझाईनच्या डिग्रीसाठी यूसीड ही परीक्षा, दोन्हींना बारावी कुठल्याही शाखेची चालते. यूसीड जानेवारीत असते, फॉर्म ऑक्टोबरच्या सुमारास निघतात, म्हणजे बोर्डाच्या आधीच धावपळ. बीएफए किंवा तशीच कलेची डिग्री करायची तर मुंबईचं जे. जे. उपयोजित कला, बंगळूरची चित्रकला परिषद. महाराष्ट्रात काही कोर्सना सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मुलांसाठी वेगळी तरतूद असते, तुमचं गाव यादीत आहे का आणि हव्या त्या कोर्सला ती लागू आहे का ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तकात बघा. आणि सायन्स आहे म्हणून आणखी एक वाट, बी.एस्सी. करून मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगचा दोन वर्षांचा पीजी डिप्लोमा. तिथं चित्रं कमी आणि मटेरियल, टेस्टिंग जास्त, चित्र काढणाऱ्या पोरीला ते कोरडं वाटू शकतं.

पैशाचं स्पष्ट सांगतो, पहिली दोन-तीन वर्षं पगार बघून नातेवाईक तोंड वाकडं करतील. पुढं ज्याला छपाई आणि नियम दोन्ही कळतात त्याला भाव आहे, नुसतं सुंदर काढणारे ढिगाने पडलेत.

दारूचं. टीव्हीवर दारूची जाहिरात करता येत नाही, त्यामुळे या धंद्यात बाटली आणि लेबलवरच सगळा जोर असतो आणि डिझाईनचं काम भरपूर निघतं. शिवाय लेबल प्रत्येक राज्याच्या अबकारी खात्याकडून मंजूर करून घ्यावं लागतं. स्वतःची कामं घेत असेल तर तिला नाही म्हणता येईल, नोकरीत मात्र कठीण, म्हणून इंटरव्ह्यूलाच विचारून घ्यावं. पण ताई, हा निर्णय तिचा तिला घेऊ द्या. दूध, लस्सी, ज्यूस, सोडा एवढ्यावरही आयुष्य निघतं.

सध्या तिने वहीतली चित्रं बाजूला ठेवून एक खरी बाटली घ्यावी, जुनं लेबल भिजवून सोडवावं, पट्टीने मोजावं आणि त्याच मापात मागच्या सगळ्या मजकुरासकट नवं करावं. प्रिंट काढून भरलेल्या बाटलीला चिकटवून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी दुकानाच्या फळीवर बाकीच्या बाटल्यांत ठेवून सहा फुटांवरून बघायचं. गावात बचतगटाच्या बायका कोकम-आवळा सरबत करत असतील तर त्यांचं लेबल करून द्यावं, थोडे का होईना पैसे घेऊन, फुकट नको. आणि सुट्टीत आठवडाभर एखाद्या ऑफसेट प्रेसवर बसायला पाठवा, मालक ओळखीचा नसेल तर तुम्ही स्वतः जाऊन विचारा, पोरीला एकटीला आत उभं करत नाहीत ही आपल्याकडची रड आहेच.