स्नेडन सिंड्रोम त्वचेचा आजार आहे की मेंदूचा?

तुमच्या बहिणीच्या मांड्यांवर जांभळट जाळी आहे, त्वचारोगतज्ज्ञांना स्नेडन सिंड्रोमची शंका आहे आणि त्यांनी एमआरआय सांगितलाय. डागांसाठी मेंदूचा फोटो कशाला, असं तुम्ही विचारलंय.

कारण आजार मुळात रक्तवाहिन्यांचा आहे. लहान-मध्यम धमन्या आतून अरुंद होतात, बंद पडतात. त्वचेत हे घडलं की जाळी दिसते, मेंदूत घडलं की पक्षाघात होतो. जाळी आणि पक्षाघात एकत्र असलेल्या सहा रुग्णांचं वर्णन ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञ इयन स्नेडन यांनी 1965 साली केलं, त्यावरून हे नाव पडलं.

मला हाच आजार आहे. जाळी विशीतच आली होती, थंडीने होत असेल म्हणून मी वर्षानुवर्षं सोडून दिलं. थंडीची जाळी ऊब मिळाली की विरते आणि तिची कडी पूर्ण असतात. माझी गरम पाण्याच्या अंघोळीनंतरही तशीच राहायची, कडी मध्येच तुटलेली, वेडीवाकडी. एका सकाळी बाहीचं बटण लावताना उजव्या हाताची बोटं काजापाशी जाऊन अडायला लागली. बटण आत जाईचना. वीस मिनिटांत हात पूर्ववत झाला, म्हणून मी तशीच कामावर गेले. ती माझी मोठी चूक. ताईंना असं काही झालं, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, तर बरं वाटलं तरी त्याच क्षणी इमर्जन्सीत न्या.

बायोप्सी सांगितली तर घाबरू नका. नमुना बहुधा कड्याच्या मधल्या, चांगल्या दिसणाऱ्या त्वचेतून आणि खोलवरून घेतात, कारण बंद पडलेली धमनी तिथे सापडते. अँटिफॉस्फोलिपिड अँटीबॉडीच्या, म्हणजे रक्तात गुठळ्या होण्याची शक्यता वाढवणाऱ्या प्रथिनांच्या, रक्ततपासण्या होतील. काही रुग्णांत त्या पॉझिटिव्ह येतात, काहींत नाही. आल्या तर 12 आठवड्यांनी पुन्हा कराव्या लागतात. रक्त पातळ करणारं कोणतं औषध द्यायचं, हे बरंचसं त्यावर ठरतं.

सिगारेट ओढत असतील तर आजच बंद. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना लगेच सांगा, इस्ट्रोजेनमुळे गुठळीचा धोका वाढतो. रक्तदाबही नियमित बघा.

आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे जाताना मांड्या सहज दाखवता येतील असे कपडे घालायला सांगा. मला पहिल्या दोन डॉक्टरांनी हात-पाय हलवून बघितले, पण जाळी कुणी पाहिलीच नाही, आणि मीही दाखवली नाही.