आजोबांच्या पेटीत 1947 ची दहा हजार द्राख्मांची ग्रीक नोट सापडली. आज तिचे किती येतील?

फार येणार नाहीत. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'एवढी शून्यं म्हणजे त्या लोकांना पैसा सांभाळता येत नसणार.' हे वाक्य मी आमच्या दादाकडून तीस वर्षं ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

1988 साली मी ग्रीक मालकाच्या बोटीवर होतो. चीफ कुक ग्रीसच्या पिरेअस बंदराचा. अ‍ॅरिस्टॉटलचं चित्र असलेली अशीच दहा हजाराची नोट त्यानं मला दिली, पिठाच्या हातानं, कोपऱ्याला धरून. 1941 च्या हिवाळ्यात त्याच्या आईनं शिवणयंत्र देऊन डबाभर ऑलिव्ह तेल घेतलं होतं. बाहेर माणसं भुकेनं मरत होती. जर्मन-इटालियन फौजांनी देश तर व्यापलाच, वर आपला खर्चही ग्रीसवरच लादला. कर गोळा होईना, मग नोटा छापून तो भागवला गेला. यात आळस कुणाचा?

नोव्हेंबर 1944 मध्ये 50 अब्ज जुन्या द्राख्मांची एक नवी द्राख्मा झाली. तुमची नोट या नव्या चलनातली. पण पाठोपाठ यादवी युद्ध आलं आणि भाव चढतच राहिले. 1949 मध्ये डॉलरला 15,000 द्राख्मा पडत, म्हणजे ही नोट पाऊण डॉलरचीही नव्हती. कुकची आई तर शेवटपर्यंत जमिनीचा भाव सोन्याच्या ब्रिटिश पौंडांतच सांगायची.

एप्रिल 1953 मध्ये मार्केझिनिस या ग्रीक मंत्र्यानं डॉलरचा दर 30,000 वर नेला, पुढच्या वर्षी तीन शून्यं उडवली गेली. दहा हजाराचे दहा झाले. आणि मग डॉलरला 30 हा दर त्याच लोकांनी जवळजवळ वीस वर्षं टिकवला. त्याच काळात, 1966 मध्ये, आपला रुपया डॉलरला 4.76 वरून 7.50 वर गेला. हे दादाला सांगितलं की तो विषय बदलतो.

माझी नोट दादानं मला न विचारता लॅमिनेट केली, पाहुण्यांना दाखवायला. तुम्ही तसलं काही करू नका, चिकटपट्टीही लावू नका. अर्थात मी काही नोटांचा व्यापारी नव्हे. कोरी, बिनघडीची असेल तर जाणकाराला दाखवा, थोडे जास्त मिळतील. मला विचाराल तर विकूच नका.