रॅपिड फायरची ४ सेकंदांची सिरीज विस्कटते. पिस्तूल शूटिंगमध्ये वेग आणि डोकं कसं घडवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरला १० मीटर एअर पिस्तूल मारता, स्कोअर बरा आहे, आता .२२ बोअरचं पिस्तूल घेऊन २५ मीटर रॅपिड फायर सुरू केलंय. ८ सेकंदांची सिरीज (शेजारशेजारच्या पाच टार्गेटवर एकेक, अशा पाच गोळ्या) जमते, ६ ला डळमळते, ४ ला पार विस्कटते. त्यात परदेशातल्या प्रॅक्टिकल शूटिंगचे व्हिडिओ बघून वाटतं, ही माणसं पळत पळत एवढ्या वेगात कशी मारतात आणि आपलंच बोट एवढं जड का? मी संभाजीनगरला २५ मीटर मारतो आणि नव्याने येणाऱ्या लेकरांना थोडंफार शिकवतो. रॅपिडकडे वळणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोट जड नाही. हिशेब करा. ४ सेकंदांत पाच गोळ्या. पहिली दीड सेकंदाच्या आसपास सुटली तर उरलेल्या चारांना प्रत्येकी सहा दशांश सेकंद मिळतो. तेवढ्यात ट्रिगर दाबणं कुणालाही जमतं. वेळ जातो तो दुसरीकडेच. सुरुवातीचा इशारा म्हणून हिरवा दिवा लागल्यावर हात उशिरा हलतो. हात वर आल्यावर ‘बसलं का नीट?’ म्हणून आपण थबकतो. गोळी सुटली की ती कुठं लागली ते शोधायला डोळा टार्गेटवर रेंगाळतो. हा वेळ खाल्ला जातो आणि त्याची भरपाई शेवटच्या दोन गोळ्यांना बोटाकडून करून घेतली जाते. चौथी-पाचवी गोळी खाली डावीकडे का जाते (उजव्या हाताने मारणाऱ्याची), त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. रॅपिड फायरच्या टार्गेटवर ते १०० मिलिमीटरचं. अंतर अडीच पट वाढतं, वर्तुळ मात्र जवळजवळ नऊ पट मोठं होतं. म्हणजे साइटच्या मागून बघणाऱ्याला रॅपिडचा दहा एअरच्या दहापेक्षा साधारण साडेतीन पट मोठा पडतो. तुम्ही एअरवर बऱ्यापैकी दहा-नऊ मारत असाल, तर रॅपिडला लागणारी स्थिरता तुमच्या हातात आज आहे. साइट थोडी डुलत असताना दाबलं तरी दहा लागतो.

मग अडतं कुठं? एअर पिस्तूलमध्ये ६० गोळ्यांना ७५ मिनिटं असतात. चित्र पटलं नाही तर हात खाली घ्यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचं. ती शिस्त तिथं बरोबरच आहे. पण तिने डोळ्याला सवय लावलेली असते ती साइट अगदी थांबण्याची वाट बघायची. रॅपिडमध्ये ती थांबत नाही, आणि थांबायची गरजही नाही. फ्रंट साइट टार्गेटच्या काळ्या भागाच्या मध्यात आली, रिअर साइटच्या खाचेत दोन्ही बाजूंना उजेड दिसला, की दाब पूर्ण. किती दिसलं म्हणजे पुरे, हे डोळ्याला आधी ठरवून द्यावं लागतं. ते ठरलं की वेग आपोआप येतो. ते न ठरवता नुसतं ‘लवकर, लवकर’ म्हटलं तर फक्त ट्रिगरला झटका बसतो. आणि रॅपिडच्या पिस्तुलाचा ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा असतो, एअरच्या किमान ५०० ग्रॅमच्या दुप्पट. तो झटका इथं जास्त महाग पडतो.

प्रॅक्टिकल शूटिंगचे व्हिडिओ बघता ते चांगलं आहे, पण धावपळीपेक्षा त्यातला गुणांचा हिशेब नीट बघा. तिथं मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, अशी तुलना होते. त्याला हिट फॅक्टर म्हणतात. समजा आठ टार्गेट, प्रत्येकावर दोन गोळ्या, सगळ्या मधल्या ए झोनमध्ये लागल्या तर प्रत्येकी ५ प्रमाणे ८० गुण. एकाने ८० च्या ८० मिळवले पण २० सेकंद लावले: हिट फॅक्टर ४. दुसऱ्याने १६ सेकंदांत संपवलं, चार गोळ्या ए च्या बाहेरच्या सी झोनमध्ये गेल्या. मायनर, म्हणजे कमी ताकदीच्या काडतुसाला सीचे ३ गुण (आणि त्याहून बाहेरच्या डीचा १), म्हणून एकूण ७२: हिट फॅक्टर ४.५. हा पुढे. तिसऱ्याने १४ सेकंदांत धडाका लावला, दहा ए, चार सी, एक डी आणि एक गोळी टार्गेटलाच लागली नाही. ५० अधिक १२ अधिक १, त्यातून चुकलेल्या गोळीचा दंड १०. उरले ५३, हिट फॅक्टर ३.८ सुद्धा नाही. सगळ्यात वेगवान माणूस सगळ्यात मागे. व्हिडिओत जो निवांत दिसतो आणि तरी जिंकतो, तो या हिशेबावर जिंकतो: कुठं किती दिसलं म्हणजे पुरे, हे त्याला माहीत असतं. जवळच्या मोकळ्या टार्गेटला तो कमी बघतो, लांबच्या किंवा अर्ध्या झाकलेल्याला जास्त.

तो खेळ तसाच्या तसा इथं करणं सामान्य नागरिकाला कठीण आहे. तिथं बहुतेक जण ९ मिलिमीटर वापरतात आणि ते आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या शस्त्रांत येतं. कमरेच्या होल्स्टरमधून खरं पिस्तूल काढायचा सराव घरी अजिबात करू नका. त्या खेळातही हलताना बोट ट्रिगर गार्डच्या आत दिसलं किंवा नळी ठरलेल्या कोनाबाहेर गेली, की खेळाडू त्याच क्षणी स्पर्धेतून बाद होतो. वेगाचा खेळ खेळणारे लोक याबाबत इतके कडक आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता हाताकडे येऊ. रेडी पोझिशनला, म्हणजे इशाऱ्याची वाट बघताना, हात खाली ४५ अंशांवर असतो. तिथंच मनगट आणि ग्रिप पक्की झालेली हवी. वर गेल्यावर ग्रिप सावरायला वेळ नाही. हात वर येत असतानाच ट्रिगरचा पहिला टप्पा (गोळी सुटण्याआधीचा सुरुवातीचा दाब) घेऊन टाका, म्हणजे साइट काळ्यात शिरते तेव्हा थोडाच दाब उरलेला असतो. एका टार्गेटवरून दुसऱ्यावर जाताना खांद्यातून हात फिरवू नका, कमरेपासून वरचं सगळं शरीर एकसंध वळू द्या. गोळी सुटली रे सुटली की डोळा पुढच्या टार्गेटवर, पिस्तूल त्याच्या मागून. तेवढ्यात बोट ट्रिगर सोडून पुन्हा पहिल्या टप्प्यावर आलेलं असतं. आणि ८ सेकंदांच्या सिरीजमध्ये हात आरामात उचलायची सवय लावू नका. उचल तिन्ही वेळांत सारखीच चपळ ठेवा, जास्तीचा वेळ फक्त दाबण्यावर खर्च करा. ४ ची सिरीज मग परकी वाटत नाही.

.२२ ची काडतुसं महाग आहेत, हवी तेव्हा मिळत नाहीत, आणि आपल्या भागात २५ मीटरची रेंज गावोगाव नाही. म्हणून खरी मेहनत घरच्या भिंतीवर होते. रॅपिडच्या पाच टार्गेटचे मध्य एकमेकांपासून ७५ सेंटिमीटरवर असतात. ५ मीटरवरून सराव करायचा तर सगळं पाचपट लहान करा: भिंतीवर मध्यापासून मध्यापर्यंत १५ सेंटिमीटरच्या अंतराने १० सेंटिमीटर व्यासाची पाच काळी वर्तुळं, त्यांच्या मध्यभागी पेन्सिलीने २ सेंटिमीटरचा दहा. मोबाइलवर असं ॲप घ्या ज्यात ठरलेल्या वेळाने स्क्रीनचा रंग बदलतो, कारण स्पर्धेत इशारा दिव्याचा असतो, शिट्टीचा नाही. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री, काडतुसं दुसऱ्या खोलीत, घरातलं कुणी त्या दिशेला नाही, हे रोज तपासायचं. .२२ कोरी, म्हणजे काडतुसाशिवाय, चालवल्याने काही पिस्तुलांची फायरिंग पिन खराब होते, तेव्हा तुमच्या पिस्तुलाला कोरं चालवायची सोय आहे का ते आधी बघा. निम्मा सराव नुसत्या उचलीचा आणि पहिल्या गोळीचा करा. पहिली वेळेवर सुटली की उरलेल्यांचा ताल सहसा सापडतो.

आता डोक्याचं. ‘अटेन्शन’ म्हटल्यावर लाल दिवा लागतो आणि ७ सेकंदांनी हिरवा. स्पर्धा त्या ७ सेकंदांत बिघडते. मन मोकळं सोडलं तर ते स्कोअर मोजतं, मागची सात गुणांची गोळी आठवतं, शेजारच्या लेनकडे जातं. ‘विचार करू नकोस’ असं मनाला सांगून उपयोग होत नाही, त्याला काम द्यावं लागतं. मी मुलांना सांगतो: लाल लागला की एक श्वास पूर्ण सोडा, मग ग्रिपचा दाब तपासा, मग पहिल्या टार्गेटच्या मध्यावर डोळा ठेवून फ्रंट साइट तिथं येताना मनात बघा. रोज याच क्रमाने, भिंतीसमोर सुद्धा. मनातली सिरीज खऱ्या वेळेतच बघायची, ४ सेकंदांची ४ सेकंदांत. बरेच जण डोळे मिटून सावकाश, सुंदर सिरीज बघतात. त्याने रॅपिडची तयारी होत नाही.

सिरीजमध्ये पहिली गोळी बिघडली तर ती तिथंच राहू द्या. दुसरीने तिची भरपाई होत नाही, दुसरीचे जास्तीत जास्त दहाच असतात. सिरीज संपली की मॉनिटर बघण्याआधी स्वतःला विचारा, प्रत्येक गोळी सुटताना साइट कुठं होती? उत्तर देता आलं तर तुम्ही बघत होता. नाही आलं तर तेवढंच वहीत लिहा: ‘तिसरी दिसली नाही’. स्कोअरपेक्षा ही नोंद जास्त शिकवते. आणि वेगाचा दिवस नि स्कोअरचा दिवस वेगळा ठेवा. वेगाच्या दिवशी ३.५ सेकंदांत पाच मारा, सहा-सात लागले तरी चालतील, पण पाचही साइट दिसल्या पाहिजेत.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण शूट-ऑफमध्ये (बरोबरी झाल्यावरच्या जादा फेरीत) मिळवलं. त्या प्रकारात रॅपिडच्या प्रत्येक गोळीला ३ सेकंद मिळतात आणि तेवढ्यातच हात खालून उचलायचा असतो. २०१२ ला विजय कुमार यांनी लंडनला तुमच्याच प्रकारात, रॅपिड फायरमध्ये, रौप्य जिंकलं. या दोघांच्या फायनल मिळाल्या तर बघा, आणि गोळीपेक्षा दोन गोळ्यांमध्ये त्यांचं डोकं किती कमी हलतं ते बघा.

शेवटी आपल्याकडच्या दोन अडचणी. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या रेंजवर तळहात घामाने निसटतो. सराव सकाळी लवकर उरका, कोरडं सुती फडकं जवळ ठेवा आणि प्रत्येक सिरीजआधी हात पुसणं हे तुमच्या क्रमातच घाला. आणि राज्य स्पर्धेला पुण्याला बालेवाडीला जायचं असेल तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पहाटे उतरून थेट लेनवर उभे राहू नका. एअरमध्ये अपुरी झोप थोडी झाकता येते, ४ सेकंदांत नाही. एक दिवस आधी जा, रेंजचा उजेड आणि दिवे कुठं आहेत ते बघून घ्या, संध्याकाळी खोलीवर थोडी कोरी उचल करा आणि वेळेवर झोपा.